विकणाऱ्याचा वाली कोण?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस एकच विषय चालला होता. बी विंगमधल्या एका काकूंनी, काका गेल्यापासून कपाटात पडून असलेला त्यांचा कॅमेरा आणि दोन लेन्स एका जाहिरातींच्या ॲपवर विकायला काढल्या. किंमत लावली 62 हजार. जाहिरात टाकून अर्धा तास होतो न होतो तोच फोन आला. गृहस्थ म्हणे लष्करात, देवळालीला पोस्टिंग, मुलीला फोटोग्राफीची आवड. घासाघीस नाही, वस्तू बघायची घाई नाही. गणवेशातला फोटो, ओळखपत्राचा फोटो, सगळे न मागता आले. ‘फौजेच्या खात्यातून पैसे उलट्या पद्धतीने येतात मॅडम, तुम्ही आधी पाच रुपये टाकून बघा, दहा परत येतील,’ असे तो म्हणाला. काकूंनी पाच टाकले. दहा आले. खरोखर आले, मी स्वतः त्यांच्या मोबाइलवर ती नोंद पाहिली आहे. मग दुसरा क्यूआर कोड आला, 31 हजारांचा. ते गेले आणि परत काही आले नाही. ‘सर्व्हरला अडकले, आणखी एकदा तेवढेच टाका म्हणजे चौपट निघून येतील,’ असे सांगून त्याने आणखी 31 हजार काढले. जेवढ्याला कॅमेरा विकायचा होता बरोबर तेवढेच पैसे गेले आणि कॅमेरा कपाटात होता तिथेच राहिला.

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, एवढ्या शिकलेल्या बाईला पिन कशासाठी टाकतात हे कळू नये? लोभ, दुसरे काय! दुसरा तट म्हणाला, बँकेने पै न् पै भरून दिली पाहिजे, सरकार झोपले आहे का? मध्येच कुणीतरी ‘ऑनलाइन व्यवहार करताना घ्यायची दहा खबरदारी’ असा मजकूर हात जोडलेल्या चित्रासह पाठवला आणि त्याला अठरा अंगठे मिळाले. चौथ्या दिवशी पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि हा विषय संपला. हीच चर्चा वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, पोलिसांच्या जनजागृतीच्या फलकांवर अशीच चालते आणि अशीच विरून जाते, कारण ती मुळात चुकीच्या प्रश्नावर चालते. काकू हुशार की भोळ्या, हा प्रश्नच नाही. ज्या बाजारात विकणाऱ्याचे नाव, नंबर, घराचा पत्ता आणि वस्तूचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो उघडे असतात आणि विकत घेणाऱ्याच्या तोंडावर बुरखा असतो, त्या बाजारात खरेदीदाराची हमी कोण घेणार, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर सरळ आहे. मौल्यवान वस्तूंच्या सौद्यात ही हमी त्या बाजारावर कमाई करणाऱ्या ॲपने आणि पैसे वाहून नेणाऱ्या बँकांनी घेतली पाहिजे. ती विकणाऱ्याच्या एकट्याच्या अकलेवर सोडणे अन्यायाचे आहे, आणि शिवाय त्याचा उपयोगही होत नाही.

आधी लोभाचे बघू. दामदुप्पट योजनेत पैसे घालणाऱ्याला, न काढलेल्या तिकिटाची लॉटरी लागली म्हणून शुल्क भरणाऱ्याला लोभी म्हणता येईल. पण जो आपल्या घरातली वस्तू रास्त भावात, बहुतेक वेळा पडेल भावात विकायला बसला आहे, त्याला कसला लोभ? त्याला फुकट काही नको असते, स्वतःच्या वस्तूचे पैसे हवे असतात. आपल्याकडे फसलेल्या प्रत्येकाला एकच प्रवचन ऐकवायची सवय लागली आहे. चिटफंडात बुडालेल्यासाठी रचलेले ते कीर्तन आपण कॅमेरा विकणाऱ्या बाईसमोर लावतो.

तरीही सावधगिरीवाल्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यातला मोठा भाग निर्विवाद खरा आहे. यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी लागतो. पैसे यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, कुठली लिंक उघडावी लागत नाही. एवढे ज्याच्या अंगवळणी पडले तो काकूंसारखा फसणार नाही. ‘खात्यात रक्कम जमा झाली’ असा एसएमएस कुणीही कुठल्याही नंबरवरून पाठवू शकतो, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट तयार करून देणारी बनावट ॲप फिरत असतात, त्यामुळे आपल्या खात्यातली शिल्लक स्वतः उघडून पाहिल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नये. ओळखपत्राचा फोटो हा ओळखीचा पुरावा होत नाही. तो बहुधा आधी फसलेल्या एखाद्या खऱ्या जवानाचाच असतो. हे सगळे मान्य. मी स्वतः हे सगळ्यांना सांगत असतो.

पण मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे बघा. खोट्या स्क्रीनशॉटने तोही फसत होता. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक मोबाइल नाचवून निघून जायचे आणि रात्री हिशेब लागायचा नाही. त्याला कुणी दहा खबरदाऱ्या पाठवल्या का? त्याच्या गल्ल्यावर ‘दोनशे रुपये प्राप्त झाले’ असे ओरडून सांगणारा डबा बसवला. दर महिन्याला भाडे देणारा दुकानदार पेमेंट कंपन्यांचा ग्राहक होता, त्याची अडचण हा त्यांचा धंदा होता. आयुष्यात एकदा कॅमेरा विकणाऱ्या काकू कुणाच्याच ग्राहक नाहीत. म्हणून दुकानदाराला यंत्र मिळाले आणि काकूंना उपदेश.

आणखी एक गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. 2016 साली यूपीआय आले तेव्हापासून त्यात ‘पैसे मागण्याची’ सोय होती. आपण कुणालाही विनंती पाठवायची, समोरच्याने पिन टाकला की त्याचे पैसे आपल्याकडे. खरेदीदार म्हणवणाऱ्या भामट्यांनी ही सोय उचलली: ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या.’ अनेक वर्षे बँकांनी एसएमएस पाठवले, पोलिसांनी फलक लावले, नटनट्यांनी जाहिराती केल्या. अशा विनंतीवर 2 हजार रुपयांची मर्यादाही घातली गेली. तरी फसवणूक चालू राहिली तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ही सोयच बंद करायला लावली. जागृतीने भागत असते तर नळ बंद करायची वेळ का आली असती? ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण जिथे मागच्याला पुढचा दिसतो तिथे लागू पडते. मोबाइलवर प्रत्येक जण एकटाच चालत असतो. काकूंच्या आधी ठेचकाळलेला माणूस त्यांना दिसलाच नव्हता आणि त्यांच्यानंतरच्याला काकू दिसणार नाहीत.

बरे, समजा विकणारा सगळी खबरदारी घेणारा निघाला. माझा कोल्हापूरचा मावसभाऊ तसा आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारा. त्याने जेमतेम वापरलेला लॅपटॉप 85 हजारांना विकला. घेणारा घरी नको म्हणून त्याला राजारामपुरीतल्या एका चहाच्या दुकानात बोलावले, पैसे आल्यावर एसएमएसवर न विसंबता बँकेचे ॲप उघडून शिल्लक पाहिली, मूळ बिलाची प्रत स्वतःकडे ठेवली आणि मगच खोके पुढे सरकवले. पैसे पाठवणाऱ्याचे नाव वेगळे दिसले तेव्हा त्याने विचारलेही. समोरचा सहज म्हणाला, ‘मेव्हण्याच्या खात्यातून टाकलेत, माझं लिमिट संपलंय आज.’ आपल्यापैकी कितीजण या उत्तरावर अडून बसले असते? आपल्या घरांत मेव्हण्याच्या खात्यातून टीव्ही येतो आणि सासऱ्यांच्या खात्यातून मुलांची फी जाते.

नवव्या दिवशी पेट्रोल पंपावर त्याचे कार्ड चालेना. बँकेत गेला तर खात्यावर ‘होल्ड’. दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याकडून आलेला. झाले होते ते असे: घरबसल्या नोकरीच्या आमिषाने तिकडे कुणीतरी फसला होता. भामट्याने त्या माणसाला ‘नोंदणीचे पैसे’ म्हणून माझ्या मावसभावाच्या खात्यात 85 हजार भरायला लावले आणि इकडे स्वतःचा माणूस पाठवून लॅपटॉप उचलला. तिकडचा माणूस 1930 या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार करून मोकळा झाला, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पैशाचा माग काढत यंत्रणा शेवटच्या दिसणाऱ्या खात्यापर्यंत पोचली आणि ते होते आमच्या मावसभावाचे. भामट्याचे खाते या साखळीत कुठे आलेच नाही. त्याच्या हाती आयता लॅपटॉप, तोही बिलाच्या झेरॉक्ससह. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण सैल वापरतो. इथे ती शब्दशः लागू होती. संन्याशाचा घराचा हप्ता थकला, मुलीच्या शाळेचा चेक वटला नाही, आणि जाहिरातीचे फोटो, चॅट, बिल, अर्ज अशी मेल पाठवत साडेतीन महिने गेले तेव्हा खाते मोकळे झाले. वादातले 85 हजार मात्र अजून अडकलेलेच आहेत.

खाती गोठवूच नयेत, असे माझे म्हणणे अजिबात नाही. फसवणुकीचा पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात उडतो. तासाभरात 1930 ला फोन केल्याने ज्यांचे पैसे वाचले अशी माणसे माझ्या माहितीत आहेत. पण 85 हजारांच्या संशयासाठी माणसाचे आख्खे खाते, पगारासकट, का बांधून ठेवायचे? केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये नेमके हेच सांगितले होते की गोठवणूक वादातल्या रकमेपुरती असावी. आणि ज्याच्याकडे वस्तूचे बिल आहे, जाहिरात आहे, चॅट आहे, त्याला आपली बाजू त्याच्याच जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात मांडता का येऊ नये? त्याने हजार किलोमीटरवरच्या तपास अधिकाऱ्याच्या फोनची रिंग का मोजत बसावे? सावधगिरीवाल्यांना माझा प्रश्न एवढाच आहे: तुमच्या दहापैकी नऊ नियम पाळणाऱ्या माणसाचे हे झाले, आता अकरावा नियम कोणता काढणार?

पूर्वीच्या दुकानांत पाटी असायची, ‘उधार मागू नका, विश्वास पानिपतात गेला’. पाटी गमतीची, व्यापार मात्र विश्वासावरच चालत होता, आणि तो विश्वास कुणाच्या भोळेपणावर उभा नव्हता. हुंडीचे, म्हणजे पैसे देण्याबद्दल दूरच्या पेढीला लिहिलेल्या चिठ्ठीचे, उदाहरण घ्या. हजार कोसांवरच्या अनोळखी माणसाने लिहिलेला कागद आणि तो घेऊन आलेला दुसरा अनोळखी माणूस: फसवणुकीला याहून सोयीची गोष्ट काय असणार? त्यावर बाजाराने शाहजोग हुंडी काढली. तिचे पैसे दाराशी आलेल्या कुणालाही मिळत नसत, ते फक्त ‘शाह’ला मिळत, म्हणजे बाजारात पत असलेल्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या पेढीवाल्याला. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर त्या शाहने पैसे परत करायचे. हुंडी हरवली तर पेठ म्हणजे तिची दुसरी प्रत, पेठही हरवली तर परपेठ म्हणजे तिसरी, हेदेखील ठरलेले. कागदातली शाई पारखत बसा, असे त्या बाजाराने पेढीवरच्या कारकुनाला सांगितले नाही. ओळखीचा एक माणूस मध्ये उभा केला आणि चूक झाली तर भुर्दंड त्याच्यावर टाकला. ज्याच्यावर भुर्दंड पडतो तो डोळे उघडे ठेवतोच, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

तो मधला माणूस नसला की काय होते, याची गोष्ट इंग्लंडमध्ये घडली आहे आणि कायद्याचे विद्यार्थी ती अजून वाचतात. 1969 साली ब्रिस्टलमधल्या रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने आपली छोटी मोटार विकायची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. बघायला आलेला माणूस म्हणाला, मी रिचर्ड ग्रीन. टीव्हीवर रॉबिन हूड रंगवणारा हा नट तेव्हा घराघरांत माहीत होता. त्याने साडेचारशे पौंडांचा चेक लिहिला. विद्यार्थी चेक वटेपर्यंत थांबू म्हणाला तेव्हा गृहस्थाने पाइनवूड स्टुडिओचा पास काढून दाखवला, फोटो आणि शिक्क्यासह. विद्यार्थ्याने मोटार दिली. चेकबुक चोरीचे होते. भामट्याने ती मोटार संगीत शिकणाऱ्या दुसऱ्या एका तरुणाला 200 पौंडांना विकली, आणि न्यायालयाने मोटार त्या दुसऱ्या तरुणाकडेच राहू दिली, कारण त्याने ती प्रामाणिकपणे विकत घेतली होती. आपल्याकडेही 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या 29 व्या कलमात हेच तत्त्व आहे: फसवून का होईना, पण तुमच्या संमतीने वस्तू गेली, आणि तुम्ही करार रद्द करण्याआधी ती निष्पाप माणसाने घेतली, तर ती त्याची. (सायबर तक्रारीचा दूरध्वनी क्रमांकही 1930 च असावा हा निव्वळ योगायोग, पण दर वेळी तो फिरवताना मला हे कलम आठवते.) पाइनवूडचा पास आणि देवळालीचे ओळखपत्र यांत फरक काय? पन्नास-पंचावन्न वर्षांत भामट्याची युक्ती तसूभर बदललेली नाही. ब्रिस्टलच्या त्या विद्यार्थ्याला त्याच्या वर्गमित्रांनीही अक्कल विचारली असेल.

मग आपली व्यवस्था विकणाऱ्याकडे अशी पाठ फिरवून का बसली आहे? त्यामागे एक चांगला इतिहास आहे आणि तो आपल्याच घरचा आहे. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, 1986 मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्या काळी हे हवेच होते. डालड्यात भेसळ, मापात पाप, रेशनवर टंचाई. विकणारा बळकट आणि घेणारा लाचार. अर्थशास्त्रानेही साथ दिली. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, त्याचा पायाच हा की गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्या निबंधाने पुढे नोबेलपर्यंत मजल मारली. ग्राहक राजा झाला, त्याचा आनंदच आहे. फक्त या सगळ्यात ‘विकणारा’ म्हणजे दुकानदार, कारखानदार, कंपनी हे गृहीत धरले गेले. नवऱ्याचा कॅमेरा विकणारी बाई त्या चित्रात कुठेच नव्हती. इबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने 2008 मध्ये विक्रेत्यांना खरेदीदाराविरुद्ध वाईट शेरा द्यायलाच बंदी केली, तीही याच समजुतीतून. मोबाइलवरच्या सौद्यात वस्तूची खोट झाकणारा विक्रेता असतोच, नाही असे नाही. पण पैशाची खोट झाकणारा खरेदीदारही तिथेच असतो, आणि त्याच्यासाठी आपण एकही कायदा, एकही चळवळ उभी केलेली नाही.

इथे ॲपवाल्यांचा युक्तिवाद येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, आम्ही छोट्या जाहिरातींचे पान आहोत. वर्तमानपत्राने कधी छोट्या जाहिरातीतल्या गिऱ्हाइकाची हमी घेतली होती का? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 79 वे कलमही मध्यस्थाला इतरांच्या मजकुराच्या जबाबदारीतून बऱ्यापैकी मोकळे ठेवते. मान्य. पण वर्तमानपत्र तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या गप्पा स्वतःच्या खिडकीत घडवत नव्हते. तुम्ही कुठल्या गल्लीत आहात ते दाखवत नव्हते. जास्त पैसे द्या म्हणजे तुमची जाहिरात शंभर जणांना वर दाखवतो, असे म्हणत नव्हते. आणि वर्तमानपत्र वाचून आलेला माणूस निदान दाराशी उभा राहून नोटा मोजून देत होता, घरातली आजी त्याचा चेहरा, चपला, गाडीचा नंबर सगळे बघून घेत होती. ज्या ॲपला एकाच दिवशी चाळीस जाहिरातदारांना ‘फौजी’ म्हणून गाठणारे खाते ओळखता येते, कारण त्या सगळ्या गप्पा त्याच्याच सर्व्हरवर आहेत, त्याने ‘मी फक्त पान आहे’ म्हणावे का?

बँकांचे म्हणणे वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकाला चांगले संरक्षण दिले. चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले तर तुमची जबाबदारी शून्य. पण काकूंनी पिन स्वतः टाकला, म्हणजे व्यवहार ‘अधिकृत’, म्हणजे विषय संपला. यावर ‘सगळे भरून द्या’ म्हणणाऱ्या दुसऱ्या तटाशी मी सहमत नाही. सगळे भरून मिळणार असेल तर माणसे बेफिकीर होतील, आणि आपल्या देशात दोन मित्र मिळून ‘फसलो’ म्हणून पैसे काढायला आठवडाही लावणार नाहीत. ही भीती खरी आहे. पण या भीतीवर उपाय शोधणारे देशही आहेत. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवून करवून घेतलेल्या देयकांची भरपाई बँकांवर बंधनकारक झाली, 85 हजार पौंडांपर्यंत. ढळढळीत निष्काळजीपणा केला असेल तर भरपाई नाकारता येते. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती वाटणीची: निम्मी रक्कम पाठवणाऱ्या बँकेने द्यायची आणि निम्मी ज्या बँकेत पैसे पोचले तिने. आपल्या चर्चेत ही दुसरी बँक कधी येतच नाही. काकूंचे 62 हजार हवेत विरले नाहीत. ते कुठल्या तरी बँकेतल्या, आधार आणि पॅन लावून, केवायसी करून उघडलेल्या खात्यात गेले. कुणीतरी चार-पाच हजारांसाठी ते खाते भाड्याने दिले आणि महिनाभर बारा रुपये शिल्लक असलेल्या त्या खात्यात एका दुपारी लाख-दीड लाख येऊन गेले तरी बँकेने भुवई उचलली नाही. तिला निम्मा भुर्दंड बसू द्या, मग बघा भुवई उचलते की नाही. शाहजोग हुंडीचा शाह हाच.

भरपाईच्याही आधी मला हवे आहे ते मध्यस्थ खाते. समजा 20 हजारांच्या वरच्या कुठल्याही सौद्यात घेणाऱ्याने पैसे ॲपच्या ताब्यातल्या वेगळ्या खात्यात, स्वतःच्याच नावाच्या बँक खात्यातून भरायचे. वस्तू हातात पडली, तपासली, की ते विकणाऱ्याला मिळायचे. मेव्हण्याच्या खात्यातून आलेले पैसे आपोआप नाकारले जातील आणि माझ्या मावसभावासारखी गत कुणाची होणार नाही. याने खर्च वाढेल, असे म्हणतात. वाढेल. 62 हजारांच्या सौद्यावर पाच-सहाशे रुपये काकूंनी आनंदाने दिले असते. जुन्या खुर्च्या आणि सायकली विकणाऱ्यांवर ही सक्ती नको, म्हणूनच मर्यादा. मध्यस्थ खात्याच्याही खोट्या लिंका निघतील, हा आक्षेप सर्वात टोकदार आहे; निघतीलच, निघाल्याही आहेत. पण खोटे कोड निघाले म्हणून क्यूआर बंद केले नाहीत आपण. सौदा ॲपच्या आतच पुरा होईल आणि बाहेरच्या लिंकवरून काही होणार नाही हा नियम एकच असला तर तो शिकवणेही सोपे. आणि दुसऱ्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला लावणे आपल्याला नवे कुठे आहे? रेरा कायद्याने बिल्डरांना घर घेणाऱ्यांचे 70 टक्के पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवायला लावले तेव्हाही धंदा बुडेल म्हणून ओरड झाली होती.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांना दागिना, घड्याळ, कॅमेरा, मोबाइल विकायचा आहे त्यांनी सौदा बँकेच्या शाखेत करावा, असे मी सांगतो. रोख असेल तर तिथेच मशीनवर मोजून भरून टाकावी, म्हणजे खोट्या नोटेचा आणि वाटेत गाठण्याचा दोन्ही धोके टळतात. एका व्यक्तीकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख मात्र आयकर कायद्याला चालत नाही. सोने असेल तर घेणाऱ्याला आपल्या ओळखीच्या सराफाच्या पेढीवर बोलवावे. पाठवणाऱ्याचे नाव आणि समोरच्याच्या ओळखपत्रावरचे नाव एकच हवे, मेव्हणा चालणार नाही. मोबाइल असेल तर आयएमईआय म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक आणि दोघांच्या सह्या असलेली साधी सौदापावती करावी. खाते गोठले तर तोच कागद कामी येतो.

काकूंचा कॅमेरा शेवटी गेला तो असाच. घेणारा साताऱ्याचा मुलगा, फोटोग्राफी शिकणारा. ठरल्या वेळी आम्ही तिघे बँकेत, गार्डच्या खुर्चीशेजारच्या बाकावर. काकूंनी चष्मा लावून त्याचे आधार कार्ड दोनदा वाचले, कॉलेजचे कार्ड मागितले, त्याचा फोटो काढला. त्याने सगळे निमूट दिले आणि मग जरा चाचरत म्हणाला, ‘काकू, तुमचंपण दाखवाल का? आणि बिल? मागच्या वेळी लेन्सचे ॲडव्हान्स दिले होते, ती आलीच नाही.’ काकू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या, मग पर्समधून काकांच्या सहीचे जुने बिल काढून त्याच्या हातात दिले. पैसे आले. काकूंनी शिल्लक बघितली, पुन्हा ॲप बंद करून उघडले, पुन्हा बघितली. एवढ्यात काउंटरवरून साहेबांचा आवाज आला, ‘अहो, इथं बाजार मांडू नका, बाहेर जा.’